महिन्यातून एक शुक्रवार: बेने इस्राएल पोरांसाठी घर उघडायचंय, सल्ला हवा

शनवारतेलीण

नमस्कार मंडळी. पाच-सहा वर्षं वाचनमात्र आहे, पाककृती विभागातले दोन-चार प्रतिसाद सोडले तर. हा पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

मी ठाण्याची, बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. ज्यांना आम्ही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: अलिबागजवळ नवगावला गलबत फुटलं आणि सात पुरुष, सात बायका वाचल्या, अशी आमची परंपरा सांगते. पुढे त्यांनी कोकणात गावोगाव तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक म्हणायचे शनवार तेली. आडनावं गावावरून पडली, पेणकर, रोहेकर, किहीमचे केहीमकर. घरात मराठी, प्रार्थना हिब्रूत.

आता मुद्दा. स्वातंत्र्याच्या वेळी आम्ही देशात वीस हजारांच्या वर होतो. आज पाच हजारांच्या आत आहोत. बहुतेक इस्रायलला गेले. उरलेल्यांत ठाण्यातली वस्ती मोठी, तरी माझ्या वयाचे (मी २९) सिनेगॉगमध्ये (आमचं प्रार्थनास्थळ) दिसतात ते सणाला, नाहीतर कोणाच्या लग्नाला. यावर मोठ्यांची भाषणं लहानपणापासून ऐकतेय. तरुण येत नाहीत, संस्कार राहिले नाहीत वगैरे.

पण येऊन होतं काय ते सांगते. माझ्या भावाला शनिवारी सकाळी फोन येतो, "ये रे, नऊच आहोत." सामुदायिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात, त्याला मिन्यान म्हणतात. भाऊ दहावा. तो गेला की मोजणी पूर्ण होते, प्रार्थना होते, कोणी त्याला नोकरीचं विचारत नाही, तो घरी येऊन परत झोपतो. मला तर फोनही येत नाही, कारण मी मोजणीतच नाही. आपणहून गेले की ठरलेले तीन प्रश्न येतात. कोणाची गं तू? लग्नाचं बघतायत का? इस्रायलचं काय ठरलं? तिन्हींची उत्तरं दिली की गप्पा संपतात.

म्हणून ठरवलंय की महिन्यातून एका शुक्रवारी संध्याकाळी, शब्बाथ (आमचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी सूर्यास्तालाच सुरू होतो) लागताना, आमच्या घरी जेवायला बोलवायचं. साधारण बावीस ते अडतीस वयाचे. व्याख्यान नाही, बॅनर नाही, वधू-वर मेळावा तर अजिबात नाही. घर दोन बेडरूमचं, आईबाबा आतल्या खोलीत असतील. (त्यांना जायला जागा नाही. आणि स्वयंपाक आईच करणार आहे.)

अडतंय कुठे: पंधरा जणांचं जेवण दर महिन्याला परवडेल का, ज्यांचा नवरा-बायको-मित्र ज्यू नाही त्यांचं काय, आणि खाण्याचे नियम किती काटेकोर ठेवायचे. अनुभव असेल तर लिहा. ज्यू नसलात तरी लिहा, लहान समाज सगळीकडे सारखेच असतात बहुधा.

---

पारावरचा

छान धागा. वाचतोय. वसईच्या आमच्या ख्रिस्ती मित्रांचंही हेच रडगाणं आहे, फक्त आकडा मोठा.

---

भायखळ्याचे_काका

मुली, तुझा राग समजला. आता दुसरी बाजू ऐक. पंचवीस वर्षं एका सिनेगॉगच्या कमिटीवर काढली आहेत.

नऊ माणसं आत बसून दाराकडे बघत राहतात, हे तू कधी पाहिलं आहेस का? पाऊण तास. त्यात एकाच्या आईचं वर्ष असतं. दहा झाल्याशिवाय कद्दीश, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हणता येत नाही. तो माणूस विरारहून पहाटेची गाडी पकडून आलेला असतो. शेवटी पुस्तक मिटतो, चुंबन घेतो आणि तसाच परत जातो. असं दोनदा झालं की मी तुझ्या भावालाच काय, कोणालाही फोन करीन. तो अपमान वाटत असेल तर वाटू दे.

नोकरीचं विचारत नाही हे मात्र खरं. आम्हाला कळत नाही तुम्ही काय काम करता. एकाने मला 'स्क्रम मास्टर' सांगितलं, मी मान डोलावली.

---

शनवारतेलीण

काका, विरारच्या माणसाचं मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. भावालाही नाही. फोनवर एवढं एक वाक्य बोललं असतं तरी तो न कुरकुरता उठला असता असं वाटतं.

स्क्रम मास्टर म्हणजे काय ते मलाही नीटसं माहीत नाही, आणि मी त्याच कंपनीत आहे.

---

तटस्थ_वाचक

बालिश प्रश्न वाटेल, पण तुमच्या सणांना मराठी नावं आहेत का? की सगळी हिब्रूच?

---

शनवारतेलीण

बालिश नाही, माझ्या आवडीचा विषय आहे. जुनी नावं मराठीच. योम किप्पूर म्हणजे दारफाळणीचा सण, त्या दिवशी दारं लावून घरात बसायचं, उपास, पांढरे कपडे. दुसरा दिवस शिळा सण. मंदिर पडल्याच्या दुःखाचा उपास तो बिरड्याचा. पुरीमला आजी होळीचा सण म्हणायची, पुरणपोळ्या त्याच, तारखाही जवळपास. रोश हशाना, म्हणजे आमचं नवीन वर्ष, तो नव्याचा सण.

गोडात आमचा मानाचा पदार्थ म्हणजे चिकाचा हलवा. गव्हाचा चीक काढून नारळाच्या दुधात तासन्‌तास घोटायचा. गाईचं दूध चालत नाही, कारण त्याच जेवणात मटण असतं आणि मांस-दूध एकत्र निषिद्ध. म्हणून कोकणातला नारळ आमच्या फार उपयोगी पडला.

---

पारावरचा

दारं लावायचा सण असलेल्या समाजात दारं उघडायचा धागा :)

---

अर्धीकरवंटी

हा धागा पाहून आयडी घेतला. वडील बेने इस्राएल, आई सीकेपी. म्हणजे धर्मशास्त्राप्रमाणे मी ज्यू नाही, कारण ते आईकडून येतं. पण आडनाव वडिलांचं, घरी शुक्रवारी दिवा लागायचा, पेसाहच्या सणाला घरात पाव नसायचा.

वडील गेल्यावर मला एका सिनेगॉगमध्ये (नाव नको) जाऊन नुसतं बसायचं होतं. दारात पोलीस, ओळखपत्र, वहीत नोंद. २००८ ला नरिमन हाउसमध्ये जे झालं त्यानंतर हे असणारच, त्याबद्दल तक्रार नाही. पोलिसाने तर पाणी विचारलं. आत गेल्यावर एका बाईंनी विचारलं, "आईचं माहेर कुठलं?" मी खरं सांगितलं. त्या "अच्छा" म्हणाल्या. वाईट काहीच बोलल्या नाहीत. पण तो 'अच्छा' ऐकल्यावर मला बसता आलं नाही.

तुमच्या शुक्रवारी मी चालेन का? नाही म्हणालात तरी राग नाही, फक्त आधी सांगा.

---

शनवारतेलीण

चालशील. व्यक्तिगत निरोपात नंबर पाठवते.

---

भायखळ्याचे_काका

कमिटीवाला म्हणून लिहितो. तोरा (आपला धर्मग्रंथ) वाचायला कोणाला बोलवायचं, मिन्यानात कोणाला धरायचं, याचे नियम आहेत आणि ते मी मोडणार नाही. उगाच गोड बोलण्यात अर्थ नाही. पण जेवायला कोणाला बोलवायचं, याचा नियम निदान माझ्या वाचनात आलेला नाही. आणि वडिलांसाठी येऊन बसलेल्या मुलीला माहेर विचारणं हा कुठल्याच पुस्तकातला नियम नाही.

त्या बाई आमच्याकडच्या नसाव्यात अशी आशा आहे. असतील तर मला आश्चर्य वाटणार नाही.

---

लोदवासी

शालोम. मी लोदहून. जन्म परळचा, दहाव्या वर्षी इकडे आलो. मराठी लिहायची सवय गेली आहे, चुका पोटात घाला.

माहेर विचारण्यावरून आठवलं. इकडे १९६२ साली मुख्य रब्बींच्या कार्यालयाने फर्मान काढलं की बेने इस्राएल मुलाचं किंवा मुलीचं दुसऱ्या ज्यूशी लग्न लावण्याआधी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करावी. जमेल तितक्या मागच्या पिढीपर्यंत. इतक्या पिढ्या शनिवार पाळून आलेल्या लोकांना विचारलं, तुम्ही नक्की ज्यू का? आमच्या लोकांनी जेरुसलेमला धरणं धरलं. १९६४ मध्ये सरकारने आणि संसदेने सांगितलं की हे सर्व बाबतींत पूर्ण ज्यू आहेत, तेव्हा शांत झालं. माझे वडील त्या धरण्याची गोष्ट दर सणाला सांगायचे.

आणि हेच वडील माझ्या रशियन बायकोला पहिल्या भेटीत विचारते झाले, "तुझी आई ज्यू आहे ना, कागद आहेत ना?"

इकडची तरुण पिढी म्हणाल तर ज्यूपण त्यांना आपोआप मिळतं, कॅलेंडरमध्येच असतं. हरवतं ते मराठीपण. 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक इकडे निघत आलं आहे, पण माझ्या मुलीला ते वाचता येत नाही. तिला मलिदा (आपले नवसाचे गोड पोहे) आवडतो, पुरणपोळी आवडते, क्रिकेट आवडतं. तुमच्या पोरांना घर कोणत्या भाषेत उघडणार, हेही ठरवा. हिब्रू येत नसलेल्याला लाज वाटता कामा नये.

---

न्यूजर्सीकर

इकडे अमेरिकेत या प्रश्नावर बराच पैसा खर्च होतो. मोइशे हाउस म्हणून प्रकार आहे. २००६ मध्ये ओकलंडला चार मित्रांच्या घरापासून सुरू झाला. तीन-चार तरुण एका घरात राहतात, भाड्याचा काही भाग संस्था देते, बदल्यात त्यांनी महिन्याला ठरावीक कार्यक्रम करायचे. वनटेबल नावाची दुसरी संस्था आहे, ती विशी-तिशीतल्या यजमानांना शुक्रवारच्या जेवणासाठी मदत करते. कल्पना चांगली, कारण हॉलपेक्षा घरात माणूस मोकळा होतो.

मी अशा बऱ्याच जेवणांना गेलोय (बायको ज्यू, मी चिपळूणचा). तुमच्याकडेही अशी संस्था शोधा.

---

शनवारतेलीण

माहितीबद्दल आभार. पण आमच्याकडे लग्न होईपर्यंत पोरं घर सोडत नाहीत हो, ठाण्यातलं भाडं बघता लग्नानंतरही नाही. तुमच्या मोइशेच्या घरात आईबाबा आतल्या खोलीत टीव्हीचा आवाज कमी करून बसलेले नसतात. इथे असणार. आईला सांगितलंय की बाहेर आलीस तर एकालाही लग्नाचं विचारायचं नाही. ती म्हणाली, "मग बोलू काय?"

संस्था इथेही आहेत. जॉइंट या अमेरिकन ज्यू मदतसंस्थेचं ज्यू कम्युनिटी सेंटर आहे, वरळीची ओआरटी ही ज्यू शिक्षणसंस्था आहे, लहानपणी शिबिरांना गेलेय, मजा यायची. पण शिबिरं अठरा-वीसपर्यंत छान आणि ज्येष्ठांसाठी दुपारचे कार्यक्रम छान. मधली पंधरा वर्षं लोकल ट्रेनमध्ये जातात.

---

रास्तापेठी_मनुका

पुण्याहून. लाल देवळाच्या गावची, पण आमचं सिनेगॉग ते नव्हे. लाल देऊळ डेव्हिड ससूनचं, बगदादी ज्यूंचं. आम्ही रास्ता पेठेतले.

एक आठवण करून द्यावीशी वाटते. हा खटाटोप नवा नाही. डॉ. जेरुशा झिराड, मुंबईच्या नामांकित स्त्रीरोगतज्ज्ञ, पुढे पद्मश्री, त्या लंडनला शिकायला गेल्या आणि तिथली उदारमतवादी ज्यू चळवळ बघून आल्या. १९२५ मध्ये त्यांनी मुंबईत ज्यूइश रिलिजस युनियन काढली. भायखळ्याचं रोदेफ शालोम तिचंच. कारण त्याही वेळी हेच होतं, शिकलेल्या पोरांना हिब्रू प्रार्थना कळत नव्हती आणि बायकांना वर गॅलरीत बसवत होते. बाईंनी पस्तिशीच्या आसपास हे केलं, दवाखाना सांभाळून. तेव्हा भाडंही आत्तापेक्षा कमी असणार, पण तरीही.

मला खटकतं ते असं की आपल्याकडे कोणी नवं काही काढलं की तिसरंच सिनेगॉग निघतं. आधीच पाच हजार, त्यात इतके गट. शुक्रवारच्या जेवणाला नाव देऊ नका, लेटरहेड काढू नका, खजिनदार नेमू नका.

---

भायखळ्याचे_काका

खजिनदाराबद्दल +१. मी होतो.

---

संपादक मंडळ

पश्चिम आशियातल्या युद्धावरचे प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. त्यासाठी वेगळा धागा आहे. इथे मूळ विषयावर लिहावे.

---

शनवारतेलीण

संपादकांचे आभार. यावरही लिहायचंच होतं. माझं आडनाव '-कर' असल्याने ऑफिसात कोणाला कळत नाही. ज्या दिवशी कळतं त्या दिवसापासून मी कँटीनमध्ये परराष्ट्र खात्याची प्रवक्ती होते. एक गट टाळ्या द्यायला येतो, दुसरा जाब विचारायला. मला दोन्ही नको असतात, मला वरणभात हवा असतो. म्हणून हा विषय आमच्या जेवणात कोणी काढणार नाही असं ठरवलंय. काहींना हा पळपुटेपणा वाटला (व्यनि आले). असेल. महिन्यातले तीन तास पळू द्या.

---

डोंबिवलीचा_जावई

मी हिंदू, बायको बेने इस्राएल, लग्नाला सहा वर्षं झाली. 'ज्यू नसलेल्या जोडीदाराचं काय' यावर माझा अनुभव.

सासरी पहिली दोन वर्षं सगळे फार गोड वागले. खुर्ची द्यायचे, सरबत द्यायचे, आणि मी त्या खुर्चीत तीन तास बसून राहायचो. मग मेहुणीच्या नोकरीनिमित्त मलिदा होता. एलियाहू हानाबी या प्रेषिताच्या नावाने करतात, गोड पोहे, खोबरं, सुकामेवा, वर फळं. ऐनवेळी पाच नारळ खवायचे राहिले होते आणि विळी चालवणारं माणूस नव्हतं. मी कोकणातला, विळीवर बसलो. सासूबाईंनी येऊन बघितलं, म्हणाल्या, "बारीक हवंय, पाठ नको येऊ देऊस." त्या दिवसापासून मला कोणी खुर्ची देत नाही. फार बरं वाटतं.

तेव्हा सुचवणी एवढीच, आलेल्या माणसाला काहीतरी काम द्या. विशेषतः पहिल्यांदा आलेल्याला.

---

लोदवासी

जावईबापूंना दंडवत. माझ्या रशियन बायकोला आईने असंच चपात्या लाटायला लावलं होतं. नकाशे आले.

---

रास्तापेठी_मनुका

वेळेचं बघितलंत का? शब्बाथ सूर्यास्ताला लागतो. जूनमध्ये सव्वासातपर्यंत सवलत आहे, डिसेंबर-जानेवारीत सहाच्या सुमारासच. ऐरोलीहून, बीकेसीहून कोण पोचणार सहाला?

---

शनवारतेलीण

नाही पोचणार. दिवा आई वेळेवर लावेल, तो तिचा असतो. बाकीचे साडेआठपर्यंत येतील. जे शब्बाथला गाडीत बसत नाहीत त्यांच्यासाठी आमच्याच इमारतीतल्या मावशींकडे दोन गाद्या सांगून ठेवल्यात. रिक्षाने येतील त्यांना कोणी काही बोलणार नाही.

खाण्याचं ठरलं: मांस नाहीच, कोशेर (धर्मनियमाप्रमाणे कापलेली) मटण-कोंबडी मिळवण्याची धावपळ नको. खवल्यांचा मासा, म्हणजे बहुतेक रावस, नारळाच्या रसात. भाजी, भात, सांदणं. किद्दुशला (जेवणाआधी पेल्यावर म्हणायची प्रार्थना) वाईन नाही, काळ्या मनुका भिजवून कोळून केलेलं आमचं नेहमीचं सरबत. यात कोणीही, कितीही काटेकोर असला तरी जेवू शकतो. खर्च डब्यात, ज्याला जमेल त्याने टाकायचा, डबा स्वयंपाकघरात कोणाला दिसणार नाही अशा जागी.

पत्ता कुठल्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणार नाही. अर्धीकरवंटीने लिहिलेल्या २००८ च्या कारणासाठीच. प्रत्येक नव्या माणसाशी आधी मी फोनवर बोलणार आणि मगच पत्ता. सुरुवातीला हे जाचक वाटलं होतं, पण आत्तापर्यंत अकरा जणांशी बोलले आणि दहा मिनिटांचा एकही फोन झाला नाही, सगळे पाऊण तासाचे.

---

शनवारतेलीण

झाला. पहिला शुक्रवार. वृत्तांत मागितलात म्हणून.

चौदा येतो म्हणाले होते, आले आठ. मध्य रेल्वेने आपलं काम केलं. एक जण कळव्याहून रुळातून चालत आला आणि शूज बाहेर ठेवून आला तर त्याचे मोजेही बाहेरच ठेवायच्या लायकीचे होते. बाबांचे मोजे दिले.

आईने लग्नाचं विचारलं नाही. तिने प्रत्येकाला "उंची किती?" विचारलं. यावर माझा आक्षेप नोंदवून घ्यावा.

किद्दुश बाबांनी म्हटला. नंतर गाणं सुरू झालं आणि अर्ध्यांना शब्द येईनात. मग आजीची वही काढली, तिने हिब्रू प्रार्थना देवनागरीत उतरवून ठेवल्या होत्या, शाईच्या पेनने, काही ओळींवर तेलाचे डाग. ती हातोहात फिरली. अर्धीकरवंटीने एक पान वाचलं आणि मध्येच थांबली, म्हणाली ही चाल बाबांची आहे. कोणी काही बोललं नाही, पुढचं पान दुसऱ्याने वाचलं. तिला लिंबं कापायचं काम दिलं होतं, जावईबापूंच्या सल्ल्याने. गरजेपेक्षा फार जास्त कापली.

भांडणही झालं. एकाने फोटो काढला, शब्बाथला फोन चालत नाही म्हणून दुसरा चिडला, पहिला म्हणाला मग तू रिक्षाने कसा आलास. पाच मिनिटं वातावरण वाईट. शेवटी फोटो पुसला, पण दोघे मन भरून जेवले नाहीत. याचं काय करायचं ते अजून कळलेलं नाही. पुढच्या वेळी दारातच फोन ठेवायला डबा ठेवू का? की तेही शाळेसारखं होईल?

---

भायखळ्याचे_काका

अभिनंदन. तुझा भाऊ दुसऱ्या दिवशी सकाळी येईल असं वाटलं होतं.

---

शनवारतेलीण

दीडपर्यंत भांडी घासली त्याने, काका. दहाला उठला.

---

भायखळ्याचे_काका

हरकत नाही. आम्ही आठच होतो, घरी गेलो. फोनचा डबा नको. त्या दोघांना पुढच्या वेळी शेजारी बसव आणि विळी दे.

---

शनवारतेलीण

:) पुढचा शुक्रवार ठरलाय. अठरा होतील असं दिसतंय. सांदणांसाठी मोठं इडलीपात्र कोणाकडे आहे का, ठाणे-मुलुंड परिसरात? आमचं सोळाचंच आहे.

---

अर्धीकरवंटी

आईकडे आहे, चोवीसचं. गुरुवारी आणून देते.